दोष टॉवरचा की मोबाईलचा?

अकलूजच्या पेठेत एखादा दुकानदार मोबाईलच्या हॉटस्पॉटवर बिलाचा संगणक चालवतो. ऐन गर्दीत नेट अडकले की दोष टॉवरला दिला जातो. मात्र कधी कधी दोष हातातल्या मोबाईलच्या आतच असतो.

आपल्या देशात २०१० साली २३०० मेगाहर्ट्‌झ पट्ट्यातील लहरींचा लिलाव झाला. २४०० पर्यंतच्या या पट्ट्यावर आज ४जी चालते आणि २४०० पासून वाय-फाय सुरू होतो. दोघे सख्खे शेजारी. कानाशी ढोल वाजत असता लांबची हाक ऐकू येत नाही. तसाच हॉटस्पॉट चालू असता टॉवरचा क्षीण संदेश दबतो. मोबाईलमध्ये लहरी गाळणारा भाग असतो, पण इतक्या जवळच्या लहरींपुढे तो अपुरा पडू शकतो.

व्यापारी बंधूंनी संगणकाला केबलने नेट देऊन पाहावे. काम सुरळीत झाले तर हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्‌झवर ठेवावा. संगणकाला तो चालत नसेल तर केबलच बरी.

दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांनी सर्किटवरचे पत्र्याचे झाकण व प्रत्येक स्क्रू परत जागेवर बसवावा. आतल्या लहरींचा उपद्रव तेच झाकण रोखते. ते वगळले तर डिस्प्ले नवा बसतो, पण नेटवर्क जाते आणि पाठोपाठ गिऱ्हाईकही.