मळणीची गती आणि बियाण्याचा जीव

कला शाखेच्या विद्यार्थ्याने यंत्रावर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु भोकर तालुक्यातील आपल्यापैकी अनेकांच्या घरचा वर्षाचा हिशेब सोयाबीनच्या राशीवर चालतो. म्हणून हा विषय मला परका वाटत नाही.

सोयाबीनच्या दाण्याचे साल पातळ असते आणि अंकुर सालीला लागूनच असतो. ज्वारी-गव्हाच्या गतीने तो मळला, तर काही दाण्यांची डाळ होते. ती डोळ्यांना दिसते. पण कित्येक दाणे वरून साबूत दिसले तरी त्यांना आतून मुका मार बसलेला असतो. हे कळते ते पेरल्यावर, आणि तेव्हा दुबार पेरणीवाचून गत्यंतर नसते. मागील खरिपात आमच्या घरी हेच घडले.

बियाण्यासाठी मळताना दाण्यात १४ टक्के ओलावा असल्यास ढोलाची गती मिनिटाला ४०० ते ५०० फेरे, आणि १३ टक्के असल्यास ३०० ते ४०० फेरे असावी, असे कृषितज्ज्ञ सांगतात. गावातील जुने मळणी यंत्र ६०० फेऱ्यांवर चाले. यावर ट्रॅक्टरची गती कमी करणे हा सोपा उपाय वाटतो. पण त्याने पंखा आणि चाळणीही मंदावतात व भुसा दाण्यातच राहतो.

म्हणून यंत्राचे मालक असलेल्या काकांना मी हिशेब मांडून दाखविला. ढोलाच्या दांड्यावरील पुली १२ इंचांची होती. ती १८ इंचांची केली, की ६०० चे ४०० फेरे होतात. पंखा ढोलाच्याच दांड्यावरून फिरत असल्याने त्याची ९ इंचांची पुली काढून ६ इंचांची बसविली. त्याचा वारा पूर्वीइतकाच राहिला. ढोल व जाळी यांतील अंतरही थोडे वाढविले. ही सर्व कामे अर्थातच यंत्र बंद ठेवून केली.

मोठ्या यंत्रांच्या जगातही विचार याच दिशेने गेला आहे. न्यू हॉलंडने १९७५ मध्ये आणि इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९७७ मध्ये रोटर असलेली कापणी-मळणी यंत्रे आणली. त्यांत पीक रोटरभोवती अनेक वेळा फिरते. एका जोरदार तडाख्याऐवजी दाणे बराच वेळ घासले जाऊन सुटतात, त्यामुळे ते कमी फुटतात.

आमच्या एकाच बनमीतील दोन पोती जुन्या गतीने मळली होती, उरलेली नव्या गतीने. दोन्हींतले शंभर-शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. जुन्या गतीचे ५४ उगवले, नव्या गतीचे ७९. बियाण्यासाठी किमान ७० टक्के उगवण लागते. पहिली दोन पोती बाजारात गेली. बाकीच्यांतून बियाणे राखले.

एका चाचणीवरून सिद्धान्त मांडू नये, हे मी जाणतो. नव्या गतीने मळणीला वेळ व डिझेल जास्त लागते, ही काकांची तक्रारही खरी आहे. त्यांनी बियाण्याच्या राशीपुरतीच मोठी पुली लावायची, असे ठरविले आहे. मित्रहो, आपणही मृगापूर्वी घरचे शंभर दाणे मोजून गोणपाटात ठेवून पाहावेत, एवढीच विनंती.