सिंहराजच्या जंगलात लाल तोंडाचा मलकोहा बघताना

लाल तोंडाचा मलकोहा जगात फक्त श्रीलंकेत सापडतो. बेटाच्या नैर्ऋत्येकडचं सिंहराज हे पावसाळी जंगल त्याच्यासाठी सर्वांत भरवशाचं. हे जंगल १९८८ पासून जागतिक वारसा यादीत आहे. पक्षी बघायला तिकडे जाणाऱ्या आपल्या मंडळींसाठी हे थोडं टिपण.

काय करावे

- पक्षी नको, थवा शोधा. मलकोहा सहसा गप्प असतो. पानांच्या आणि वेलींच्या गचपणातून फांदीफांदीने सरकतो, त्यामुळे नुसतं झाडावर नजर फिरवून तो मिळत नाही. इथे वेगवेगळ्या जातींचे पक्षी एकत्र हिंडतात. एका थव्यात दहा-अकरा जाती आणि चाळीसेक पक्षी सहज असतात. केशरी चोचीचे सातभाई संख्येने सगळ्यांत जास्त, त्यांचा कलकलाट लांबूनच ऐकू येतो. तो आवाज जवळ येऊ लागला की जागच्या जागी थांबा. मलकोहा बहुतेकदा अशा थव्याबरोबरच येतो.

- कोतवालाकडे कान द्या. इथला तुरेवाला कोतवाल इतर पक्ष्यांच्या आवाजांची हुबेहूब नक्कल करतो. त्या नकला ऐकून थव्यातले बाकीचे पक्षी जवळ येतात, हे संशोधक सरथ कोटगामा आणि एबेन गुडेल यांनी याच जंगलात तपासून दाखवलं आहे. तेव्हा एकाच फांदीवरून चार पक्ष्यांचे आवाज आले तर गोंधळू नका, थवा जुळतो आहे.

- मग मान वर करा. तो उंच फांद्यांत असतो आणि तुम्हाला बहुधा पोटाकडूनच दिसतो. गळा काळा, पोट पांढरं, शेपटी लांबलचक आणि तिच्या पिसांची टोकं पांढरी. लांबी शेपटीसह सुमारे ४६ सेंटिमीटर. चेहरा दिसला की शंकाच उरत नाही: डोळ्यांभोवतीची उघडी कातडी गुलाल फासल्यासारखी लाल, चोच जाड आणि हिरवी.

- डोळा टिपा. नर-मादीची पिसं सारखीच. फरक बुबुळात आहे: नराचं तपकिरी, मादीचं पांढरं. दुर्बिणीतून नीट दिसतं. जोडी असेल तर दोन्ही डोळे बघितल्याशिवाय दुर्बीण खाली घेऊ नका.

काय टाळावे

- मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणं. हे अजिबात नको. फोटोसाठी पक्ष्याला खाणं सोडून धावायला लावणं चूकच, आणि हा तर आधीच जागतिक लाल यादीत ‘असुरक्षित’ म्हणून नोंदलेला आहे. जुनं घनदाट जंगल तुटत गेलं तसा तो आक्रसत गेला.

- घाईने नाव देणं. निळ्या चेहऱ्याचा मलकोहा श्रीलंकेत आणि दक्षिण भारतातही आहे. तो लहान, करडा आणि डोळ्याभोवती निळा. सिंहराजमध्ये फिकट हिरव्या चोचीचा भारद्वाजही भेटतो, पण त्याचे पंख तांबूस असतात आणि पोट पांढरं नसतं.

- कोकिळेच्या कुळातला म्हणून याला आयतखाऊ समजणं. कोकीळ, पावशा दुसऱ्यांच्या घरट्यात अंडी घालतात. हा मात्र आपल्याकडच्या भारद्वाजासारखा स्वतः घरटं बांधतो, अंडी घालतो आणि पिल्लंही वाढवतो. किडे, सुरवंट आणि रानफळं हा त्याचा आहार.

- घरटं सापडलं तर तिथे रेंगाळणं, किंवा त्याची जागा फोटोसोबत जाहीर करणं.

- पायवाट सोडणं. जळवा तर आहेतच, लांब मोजे घालाच. पण आडवाटेने गेलात की खालची झुडपं तुडवली जातात, आणि सातभाई आपला मोर्चा दुसरीकडे वळवतात. त्यांच्यामागून मलकोहाही जातो. स्थानिक वाटाड्याला थव्यांचे रोजचे रस्ते पाठ असतात. तो थांबा म्हणाला की थांबा.