देवहंस बघायला निघालीस तर

आसामातल्या नामेरी उद्यानाला निघाली आहेस, तर आधी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेव. देवहंस, म्हणजे पांढऱ्या पंखांचं रानबदक, उघड्या पाण्यावर शोधायचा नसतो. जिया भरेली नदी ओलांडताना पात्रात चक्रवाक दिसतील, ते मनसोक्त बघ. पण देवहंसासाठी जंगलात आत शिरावं लागतं. वर फांद्या झुकलेल्या, दिवसाही अंधारलेली, संथ पाण्याची डबकी ही त्याची जागा. थव्याची आशा धरू नकोस. जोडी दिसली तरी पुष्कळ.

तो चरतो मुख्यतः रात्री. दिवस कलला की डबक्यांवर उतरतो, पहाटे सावलीत परततो आणि बराच वेळ झाडावर बसून काढतो. म्हणून सकाळी उद्यान उघडताच सगळ्यांत आधी आत जा आणि पाण्याइतकंच वरच्या फांद्यांकडेही लक्ष ठेव. काठावर उभी राहू नकोस, झुडपाआड बस. वनरक्षकाचा शब्द मोडायचा नाही. तिथे हत्ती आहेत.

आता ओळख. विदर्भातल्या तळ्यावर नकटा बदक पाहिलंस ना? देवहंसाचं डोकं थेट तसंच, पांढऱ्यावर काळे ठिपके. चांगले जाणकारही इथेच फसतात. डोकं सोड, पोट बघ. नकट्याचं पांढरं, याचं गडद तपकिरी. नकट्याच्या नराच्या काळ्या चोचीवर मोठा उंचवटा असतो. याची चोच नारिंगी-पिवळट, तिच्यावर काळपट शिंतोडे. पंखाचा पांढरा भाग हीच त्याची मुख्य खूण, पण पक्षी बसलेला असताना तो बराचसा झाकला जातो, तेव्हा त्यावर विसंबू नकोस. उडाला की पंखाची पुढची बाजू अशी लख्ख पांढरी दिसते, की शंकाच उरत नाही.

बऱ्याचदा तो दिसण्याआधी ऐकू येतो. उडता उडता लांबवलेली, रडवेली हाक, शेवटी नाकातून निघालेली शीळ. तशी हाक आली की बोलणं बंद, हालचाल बंद.

आसामने 2003 साली त्याला राज्यपक्षी केलं, तरी जगभरात मिळून तो हजाराच्या आतच उरला असावा. घरटं जुन्या, मोठ्या झाडाच्या ढोलीत करतो, आणि अशीच झाडं आधी तोडली जातात. मला याचं फार वाईट वाटतं. पोकळ खोड दिसलं तर ठोकून बघू नकोस. हाकेचं रेकॉर्डिंग वाजवून त्याला बाहेर काढायचा मोह तर अजिबात नको. फोटो मिळाला तर खुशाल सगळ्यांना दाखव, फक्त डबकं कुठलं ते लिहू नकोस.