आठ बिटांची वेस

गेल्या वर्षी प्रात्यक्षिकाच्या तासाला एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, यंत्र आभासी, प्रोसेसरही आभासी, मग सोळा मागितले तर आठांवरच का अडते?" "मेमरी कमी पडत असेल," असे सांगून मी वेळ मारून नेली. उत्तर चुकीचे होते. ती चूक सुधारावी म्हणून हे टिपण.

फाब्रिस बेलार यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेली क्यूएमू ही प्रणाली एका संगणकात दुसऱ्या संगणकाची नक्कल उभी करते. ही नक्कल मूळ यंत्राच्या मर्यादांसकट करावी लागते; कारण आत चालणारी कार्यप्रणाली खऱ्या यंत्राचेच नियम गृहीत धरते. प्रोसेसर अनेक असले, की कळ दाबल्याची वर्दी, म्हणजे इंटरप्ट, कोणाकडे धाडायचा हे ठरवणारा नियंत्रक लागतो. आर्म यंत्रातील जीआयसी या नियंत्रकाच्या दुसऱ्या आवृत्तीत त्यासाठी आठ बिटांची जागा आहे आणि प्रत्येक प्रोसेसरला एक बिट. म्हणून प्रोसेसर आठच! त्या विद्यार्थ्याने नेमका हाच नियंत्रक निवडला होता.

इंटेलच्या जुन्या एक्सएपिक पद्धतीतही बिट आठच. परंतु तेथे त्यांत प्रोसेसरचा क्रमांक लिहितात. ० ते २५५ असे २५६ क्रमांक होतात. त्यांतील २५५ हा 'सर्वांना' या अर्थाने राखीव, म्हणून प्रोसेसर २५५. जागा तेवढीच, वापरण्याची रीत बदलताच आठाचे २५५ झाले. पुढे एक्स२एपिकमध्ये क्रमांक ३२ बिटांचा झाला आणि जीआयसीच्या तिसऱ्या आवृत्तीने आठांची अट काढून टाकली.

मात्र वेस ओलांडली म्हणून वेग वाढेलच असे नाही. चार गाभ्यांच्या संगणकावर सोळा आभासी प्रोसेसर मांडले, तर एका वेळी चारच चालणार. बाकीचे पाळीची वाट पाहणार. सामाईक माहितीला कुलूप लावून बसलेल्या प्रोसेसरचीच पाळी संपली, तर चालू असलेले इतर कुलूप उघडण्याची वाट पाहत नुसते घिरट्या घालतात. शुद्ध नक्कलीत तर २०१७ च्या २.९ आवृत्तीपूर्वी सर्व आभासी प्रोसेसर एकाच धाग्यावर आळीपाळीने चालत.

तेव्हा अडले की दोन प्रश्न वेगळे विचारावेत: नक्कल केलेले यंत्र किती प्रोसेसर ओळखू शकते, आणि खालचे खरे यंत्र किती चालवू शकते? मी पहिल्याला दुसऱ्याचे उत्तर दिले होते, तेही अंदाजाने. तो विद्यार्थी आता पदवी घेऊन गेला आहे. हा अंक त्याच्या हाती पडावा, एवढीच इच्छा.