शाराकूची नटचित्रे

मागील उपघटकात काबुकी रंगभूमीचा परिचय आपण करून घेतला. तिच्या नटांची लाकडी ठशांवरून छापलेली चित्रे एदो शहरात (आजचे तोक्यो) स्वस्तात विकली जात. चित्रकार रेखाटन करी, कारागीर ते चेरीच्या फळीवर कोरी, मुद्रक रंगागणिक वेगळा ठसा वापरी, भांडवल प्रकाशकाचे.

१७९४ मध्ये त्सुताया जूझाबुरो या प्रकाशकाने तोशूसाई शाराकू या अपरिचित चित्रकाराची 28 नटचित्रे एकदम बाजारात आणली. अभ्रकाच्या चकाकत्या काळसर पार्श्वभूमीवर केवळ मस्तक व छाती! एदोबेई या दुष्ट सेवकाच्या भूमिकेतील तिसरा ओतानी ओनिजी पाहावा : पुढे काढलेली मान, घट्ट मिटलेले ओठ, झडप घालण्यास फाकलेली बोटे. हात शरीराच्या मानाने लहान आहेत. तरी नजर तेथेच खिळते.

स्त्रीभूमिका करणाऱ्या नटाचा पुरुषी जबडाही शाराकू झाकत नाही. चाहत्यांना मात्र आपला नट देखणाच हवा असतो. वास्तवाच्या हव्यासापायी त्याने नको तेही रेखाटले, म्हणून तो टिकला नाही, अशा आशयाची नोंद समकालीन लेखक ओता नाम्पो याने केली आहे. सुमारे दहा महिन्यांत, १७९५ च्या आरंभी, त्याचे काम थांबले.

स्वाध्याय : शाराकूच्या चित्रात प्रथम काय दिसते, भूमिका की नट? सकारण लिहा.