दाखल्यावरील क्रमांक आणि नोंदवहीचे पान

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर सामान्यतः दोन क्रमांक असतात. एक त्या दाखल्याचा अनुक्रमांक. दुसरा शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदवहीतील, म्हणजेच जनरल रजिस्टरमधील, विद्यार्थ्याचा क्रमांक. पहिल्यावरून कागद ओळखता येतो, दुसऱ्यावरून त्या कागदाचा आधार. दाखला स्वीकारणाऱ्याचे लक्ष मात्र बहुधा गोल शिक्क्याकडेच जाते. शिक्का कोणासही करवून घेता येतो. जुन्या नोंदवहीत मागाहून नाव घालणे तितके सोपे नाही.

नोंदवहीतील क्रमांक प्रवेशाच्या क्रमाने पुढे जातात. 1947 साली दाखल झालेल्या मुलाचा क्रमांक त्याच्या मागच्या-पुढच्या मुलांच्या क्रमांकांमध्येच बसला पाहिजे. तो दोन ओळींच्या मध्ये दाटीने लिहिलेला आढळला, किंवा जातीच्या रकान्यातील एखादाच शब्द निराळ्या शाईत व निराळ्या वळणात दिसला, तर संशयास जागा होते.

जातीच्या दाव्याच्या पडताळणीत या पानांना विशेष मोल आहे. महाराष्ट्रात अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गांसाठी 13 ऑक्टोबर 1967 हे मानीव दिनांक धरले जातात. त्यापूर्वीची नोंद लाभाच्या अपेक्षेने केलेली असण्याचा संभव कमी. संविधानपूर्व शालेय नोंदींचे पुरावामूल्य मोठे असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 1994 च्या एका निकालात म्हटले आणि पडताळणीची कार्यपद्धतीही घालून दिली. पुढे राज्याचा यासंबंधीचा अधिनियम 18 ऑक्टोबर 2001 पासून अंमलात आला. दावा सिद्ध करण्याची जबाबदारी त्याने दावेदारावर टाकली आहे. राखीव जागेवरून निवडून आलेल्या ग्रामपंचायत सदस्याने विहित मुदतीत वैधता प्रमाणपत्र सादर केले नाही, तर त्याचे पद जाते.

आता अनेक प्रमाणपत्रांवर बारकोड छापलेला असतो आणि त्यावरील क्रमांक शासनाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. ही सोय मोठीच आहे. तथापि, प्रमाणपत्र खरोखर त्या कार्यालयाने दिले आहे, एवढेच त्यावरून कळते. ज्या नोंदीवरून ते दिले, ती खरी आहे काय, हा प्रश्न शिल्लकच राहतो. त्यासाठी दक्षता पथकास अखेर शाळेच्या कपाटापर्यंत आणि तहसील कार्यालयातील जन्म-मृत्यूच्या गाव नमुना 14 पर्यंत जावे लागते. त्यातही जुनी पाने कित्येकदा मोडीत असतात. 2023 साली मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची गरज एकाएकी जाणवली.

मुख्याध्यापकांच्या उत्तरास येथे फार महत्त्व येते. ‘नोंद आढळत नाही’ आणि ‘नोंदवही उपलब्ध नाही’ ही दोन उत्तरे घाईत एकच समजली जातात. पहिल्याचा अर्थ वही पाहिली आणि तीत नाव नाही; दुसऱ्याचा अर्थ वही वाळवीने खाल्ली, पुरात गेली किंवा शाळेच्या स्थलांतरात हरवली. वही न उघडताच पहिले उत्तर लिहून दिले, तर ज्याच्या आजोबांचे नाव त्या शाळेत खरोखर होते, अशा मुलाचा प्रामाणिक दावाही खोटा ठरू शकतो. म्हणून उत्तर देताना कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंतच्या वह्या पाहिल्या आणि त्यांतील कोणती पाने फाटलेली आहेत, हेही लिहावे.