अनेक शाखा आणि एक यादी

मराठी वाचकाच्या मनात पानिपत हे नाव १७६१ च्या रणसंग्रामाशी कायमचे जोडलेले आहे. हरियाणातील आजचे पानिपत मात्र हातमागांचे, ब्लँकेटे, गालिचे, चादरी आणि पडदे यांचे शहर आहे. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून येऊन येथे वसलेल्या विणकर कुटुंबांचा या व्यवसायाच्या वाढीत मोठा वाटा आहे.

अशा शहरातील एक उत्पादक आपण कल्पनेने डोळ्यांसमोर आणू. आपल्या नावाने माल विकण्याचा परवाना त्याने कर्नाल, सोनिपत आणि दिल्ली येथील तीन स्वतंत्र दुकानदारांना दिला आहे. यालाच फ्रँचाइजी म्हणतात. ग्राहकांना ई-मेल पाठविण्याचे प्रत्येक दुकानाचे खाते निराळे आहे. नव्या ग्राहकांची नावे रोज हाताने त्या त्या खात्यात उतरविणे कंटाळवाणे असते आणि त्यात चुकाही होतात. हे काम संगणकाकडे कसे सोपवावे, हा या पाठाचा विषय होय.

प्रथम बिलांच्या संगणकातून रोज रात्री ठरावीक वेळी त्या दिवशीच्या नव्या व बदललेल्या नोंदींची एक फाइल तयार करावी. प्रत्येक नोंदीत ई-मेलचा पत्ता, नाव, शाखेचा संकेतांक, ग्राहकाने संमती दिली की नाही आणि दिली असल्यास कोणत्या तारखेस, एवढे रकाने असावेत. कोणती नोंद कोणत्या खात्यात जावी हे शाखेच्या संकेतांकावरून ठरते. ओळख पटविण्यासाठी नाव उपयोगाचे नाही, कारण एकाच नावाचे अनेक जण असतात. त्यासाठी पत्ताच धरावा. पत्त्याच्या मागेपुढे राहिलेली मोकळी जागा आधी काढून टाकावी. पत्ता खात्यात आधीच असेल तर जुनी नोंद सुधारावी, नसेल तरच नवी घालावी. मात्र रिकाम्या रकान्याने जुनी माहिती पुसली जाता कामा नये.

खरी अडचण यापुढे येते. समजा, कर्नालच्या एका ग्राहकाने ‘यापुढे पत्रे नकोत’ असे कळविले. त्याचा हा नकार ई-मेलच्या खात्यात नोंदला गेला; बिलांच्या संगणकाला त्याचा पत्ताही नाही. पुढच्या खरेदीनंतर त्याच रात्री त्याचे नाव पुन्हा यादीत येऊन बसते. माणसाच्या हातून ही चूक एकदा होईल, यंत्राच्या हातून ती रोज होईल.

३ मे १९७८ रोजी अमेरिकेतील आर्पानेट या संगणकजाळ्यावर सुमारे चारशे जणांना त्यांच्या इच्छेविना जाहिरात पाठविली गेली, तेव्हा पत्ते छापील सूचीतून टाइप करावे लागले होते. आज तो अडसरही उरलेला नाही.

म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा ठरतो. आधी तिन्ही खात्यांतील नकार गोळा करून एका मध्यवर्ती यादीत आणावेत, मग ती नावे त्या दिवसाच्या फाइलमधून वगळावीत आणि त्यानंतरच उरलेल्या नोंदी खात्यांत भराव्यात. संमती देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे, हे तत्त्व डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये मान्य झालेले आहे. सोनिपतच्या दुकानाला दिलेली संमती दिल्लीच्या दुकानाने आपली मानणेही त्या तत्त्वाशी सुसंगत नाही.

रोज सकाळी हिशेब जुळवून पाहावा. फाइलमध्ये १२० नोंदी असतील आणि नव्या ७०, सुधारलेल्या ३०, सदोष १५ व नकारामुळे वगळलेल्या ५ असतील, तर बेरीज बरोबर आली. ती जुळत नसेल तर काही नोंदी वाटेत गळाल्या किंवा दोनदा मोजल्या गेल्या, असे समजावे.

ही व्यवस्था सर्व शाखांत एकदम सुरू करू नये. आरंभी एकाच शाखेत, दुकानातील माणसांचेच पत्ते घेऊन ती चालवावी. त्यांपैकी एका पत्त्यावरून मुद्दाम नकार कळवावा आणि त्याच नावाने नवे बिल करावे. दुसऱ्या दिवशी तो पत्ता यादीत पुन्हा आढळला, तर दोष सापडेपर्यंत पुढच्या शाखेकडे वळू नये.